लांब मानेचा प्रवास
आज दुपारी आमच्या सोलापूरच्या शाळेतील विज्ञान मंडळात लांब मानेच्या अजस्र डायनासोरांचा उगम मुलांना सांगण्याचा योग आला आणि तो विषय अजूनही मनातून हलत नाही. सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वी दक्षिण ब्राझीलमध्ये वावरणारा बुरिओलेस्टेस हा या कुळाचा आरंभीचा सदस्य दोन पायांवर चालणारा, लहान चणीचा आणि दातांवरून पाहता मांसाहारी होता, हे ऐकून मुले थक्क झाली. पुढे आहार शाकाहारी झाला, भार चार पायांवर आला, मणक्यांत पक्ष्यांप्रमाणे हवेच्या पिशव्या शिरल्या. अन्न न चावता गिळत असल्याने डोके लहान राहिले आणि म्हणूनच एवढी लांब मान पेलवली, हा कार्यकारणभाव मला सर्वांत विलक्षण वाटतो.

त्यानंतर आपला बारापासॉरस, म्हणजे भारतात सापडलेला लांब मानेचा डायनासोर. गोदावरीच्या खोऱ्यात, आजच्या तेलंगणात सापडलेल्या आणि १९७५ साली नामकरण झालेल्या या प्राण्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. त्याच्या मांडीचे एक हाड सुमारे १.७ मीटर भरते. तेवढी रेघ खडूने फरशीवर ओढली, तेव्हा नववीतली सर्वांत उंच मुलगी तिच्याशेजारी आडवी झाली, तरीही रेघ पुढे उरली.

सोलापूरचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे बारापासॉरसच्या काळापेक्षा बराच अलीकडचा. मात्र बारापासॉरस ज्या ‘कोटा’ नावाच्या खडकांच्या थरांत सापडला, ते आपल्या गडचिरोलीतील सिरोंचा तालुक्यातही आहेत. मुलांची सहल तिकडे नेलीच पाहिजे, असे मनापासून वाटते.