कुनितचं लाकूड

धुकं असं दाटलं होतं की हेलिकॉप्टर दोन दिवस हललंच नाही. कुलुसुकच्या विमानतळावर बिस्किटं खाऊन कंटाळल्यावर एका शिकाऱ्याची मोटरबोट ठरवली आणि सर्मिलिगाक गाठलं. पूर्व ग्रीनलंडच्या आमासालिक भागातलं हे शेवटच्या टोकाचं गाव. त्याच्या पूर्वेकडचा किनारा मला बघायचाच होता, कारण माझ्या खिशातला नकाशा तिथून सुरू होतो.

नकाशा म्हणजे वीतभरही नसलेला लाकडाचा तुकडा, कुनित नावाच्या शिकाऱ्यानं कोरलेल्या नकाशाची प्रतिकृती. मूळ नकाशे ग्रीनलंडच्या राजधानीत, नूकच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. डॅनिश नौदल अधिकारी गुस्ताव होल्म १८८४ साली आमासालिकला पोचला, तोही उमियाकमधून. या समुद्रात वाहत येणारा बर्फ जहाजाला दाद देत नसे, म्हणून चामड्याच्या या होड्या. वल्ही बहुतेक बायकांच्या हाती. त्यानं तिथली माणसं मोजली, ४१३ भरली. त्याच हिवाळ्यात कुनितकडून त्याला हे नकाशे मिळाले.

वाचायची रीत मात्र भन्नाट. एका कडेनं वर जायचं, टोकाला वळसा घालून दुसऱ्या कडेनं खाली यायचं; किनारा सलगच. खाचा म्हणजे फ्योर्ड, डोंगरांमध्ये आत घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या; फुगवटे म्हणजे डोंगरांची नाकं. बेटांची काठी वेगळी, ती किनाऱ्याच्या काठीला लावून वरखाली सरकवायची. बर्फानं वाट अडली तर कायाक उचलून पलीकडच्या फ्योर्डमध्ये कुठून न्यायची, तेही त्यावर आहे. छापील नकाशाला हे कुठं सुचतंय!

अंधारात, हातमोज्याच्या आत चाचपडत हे नकाशे वाचत, अशी गोष्ट इंटरनेटवर फार फिरते. ऐकायला झकास, पण मला पटत नाही. अनोळखी मुलूख दुसऱ्याला समजावून सांगायला असं कोरतात, असं कुनितनंच होल्मला सांगितलं होतं. स्वतःचा किनारा त्याला पाठच असणार.

बोट सर्मिलिगाक फ्योर्डच्या तोंडातून बाहेर पडली. मी अंगठा खाचेत ठेवला, समोर पाहिलं. काळा कडा, मग पांढरी हिमनदी, पुन्हा कडा. लाकडात काही केल्या जुळेना. मी छापील नकाशा काढला, तो वाऱ्यानं फडफडायला लागला.

बोटवाला बराच वेळ बघत होता. त्यानं एका हातानं सुकाणू धरलं, दुसऱ्या हातानं माझ्याकडून लाकूड घेतलं, उलटं फिरवलं आणि परत माझ्या हातात दिलं.