ड्युनेडिनच्या दफ्तरखान्यात

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर लोक डोंगर, तळी आणि पेंग्विन बघायला जातात. आम्हीही गेलो. धाकट्या भावाच्या गाडीनं क्राइस्टचर्चहून निघालो, वाटेत ओमारूला कुडकुडत पेंग्विनांची वाट पाहिली, मोएराकीच्या किनाऱ्यावरचे ते प्रचंड गोल दगड पाहिले. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय आणि छान लिहिलंय. मला सांगायचंय ते ड्युनेडिनमधल्या एका जुन्या डेअरीबद्दल.

अँझॅक अॅव्हेन्यूवरची ही इमारत पूर्वी दूध-उत्पादकांच्या सहकारी संस्थेची होती. आता तिथे ओटागो विद्यापीठाचं हॉकन ग्रंथालय आहे. इथल्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेत त्याला 'ते उआरे ताओका ओ हाकेना' म्हणतात. पेंग्विन बघायला आम्ही भरपूर पैसे मोजले होते. इथे कुणीही जावं, बॅग कपाटात ठेवावी, शिसपेन्सिल घ्यावी आणि कागद मागावेत. एक पैसा लागत नाही.

मी तिथे का गेले, हे भावाला शेवटपर्यंत पटलं नाही. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांतासाठी वडील एसटीनं रत्नागिरी-राजापूर पालथं घालत हिंडले, ते मी लहानपणी पाहिलंय. कुणाच्या माळ्यावरचं बाड, कुणाच्या देवघरातली वही, कुणा म्हातारीची स्मरणशक्ती, या सगळ्यातून ते पुस्तक उभं राहिलं. त्यामुळे परक्या गावात जुने कागद सांभाळणारी जागा दिसली की माझा पाय पुढे सरकत नाही.

आदल्या दिवशी तोइतू संग्रहालयात गेलो होतो. १८९८ साली, वसाहतीला पन्नास वर्षं झाली तेव्हा, पहिल्या वसाहतकारांच्या संघटनेतून त्याची सुरुवात झाली. त्यातल्या एका दालनात जमिनीपासून छतापर्यंत माणसांच्या तसबिरीच तसबिरी आहेत. काळे कोट, पांढऱ्या दाढ्या, गळ्याशी गच्च बंद झगे घातलेल्या बायका. इंग्लंडहून निघालेलं 'जॉन विक्लिफ' हे जहाज २३ मार्च १८४८ ला इथे पोचलं, १५ एप्रिलला स्कॉटलंडहून निघालेलं 'फिलिप लेंग'. पहिल्यावर ९७ प्रवासी होते, दुसऱ्यावर २४७. त्यांचे वंशज आजही 'आम्ही फिलिप लेंगवाले' असं छाती पुढे काढून सांगतात. मला त्यात काही गैर वाटत नाही. तीन-चार महिने लाटांवर काढून, परतीची आशा सोडून आलेल्या माणसांच्या पणतवंडांनी का सांगू नये? पण चारही भिंती संपेपर्यंत माझ्या मनात एकच प्रश्न घोळत राहिला. या सगळ्यांच्या आधी जे इथे होते, त्यांच्या आठवणी कुठल्या भिंतीवर आहेत?

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडायच्या वेळेला हॉकनच्या दारात उभी राहिले. (रात्री मोटेलातला हीटर फक्त आवाज करत होता, त्यामुळे लवकर उठण्यात काही कष्ट पडले नाहीत.)

डॉ. थॉमस हॉकन १८६२ साली या गावात आले. पेशानं डॉक्टर, शहराचे कॉरोनर (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी), आणि वेड मात्र कागदांचं. मिशनऱ्यांची पत्रं, नकाशे, पत्रकं, मिळेल ते त्यांनी जमवलं. १९०८ साली वेलिंग्टनच्या सरकारी इमारतीच्या तळघरात त्यांना वाइतांगीच्या तहाचे कागद सापडले. ब्रिटिश राणी आणि माओरी प्रमुख यांच्यातला १८४० चा तह, ज्याच्यावर अख्खा देश उभा आहे, तो ओल लागून आणि उंदरांनी कुरतडून तिथे पडला होता. हे वाचलं तेव्हा मला राजवाड्यांच्या गोष्टी आठवल्या. वाड्यांच्या तळघरांतून, वाण्याच्या दुकानांतून त्यांनी असेच कागद सोडवून आणले होते. हॉकन यांनी स्वतःचा सगळा संग्रह गावाला देऊन टाकला. ग्रंथालय १९१० च्या मार्चअखेर उघडलं तेव्हा ते इतके आजारी होते की समारंभाला येऊ शकले नाहीत. मे महिन्यात गेले. त्याच वर्षी जुलैत पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं.

मी मागवले होते हेरीस बीटींचे कागद. हा माणूस १८८१ साली गोर या गावी, स्कॉटिश वसाहतकारांच्या घरात जन्मला. शाळकरी वयापासून तो वह्यांमध्ये म्हाताऱ्या वसाहतकारांच्या आठवणी उतरवून घ्यायचा. पुढे वर्तमानपत्रात काम केलं, मग वाइमाते इथे पुस्तकांचं दुकान चालवलं. १९२० साली ओटागो संग्रहालयानं त्याला दक्षिणेतल्या माओरींच्या परंपरा नोंदवायला पाठवलं आणि तो न्गाई ताहू जमातीच्या वयोवृद्धांना भेटत हिंडला. कुठल्या ओढ्याला काय म्हणतात, कुठला पक्षी कधी पकडायचा, मुलं कुठले खेळ खेळायची, अन्न कसं टिकवायचं. विचारत गेला आणि लिहीत गेला. म्हणजे गोऱ्यांच्या घरांच्या गोष्टी आणि माओरींच्या परंपरा, दोन्ही एकाच हस्ताक्षरात. ग्रंथालयाच्या यादीत हे दोन विषय वेगळे असतील, या माणसाच्या वह्यांत ते शेजारी शेजारी राहतात.

बीटींबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. त्यांनी विचारलं नसतं तर त्यातलं कितीतरी त्या म्हाताऱ्यांबरोबरच गेलं असतं. तरीही एक गोष्ट टोचते. बोलणारे न्गाई ताहू, लिहिणारा पाहुणा. काय विचारायचं हे पाहुण्यानं ठरवलं.

म्हणून मला होरी केरेई तायारोआ अधिक जवळचे वाटले. ड्युनेडिनजवळच्या ओताकोऊ गावचे हे पुढारी माओरींचे प्रतिनिधी म्हणून संसदेत बसत. १८४८ च्या जून महिन्यात सरकारनं न्गाई ताहूंकडून दक्षिण बेटाचा अवाढव्य तुकडा २००० पौंडांना घेतला होता. राखीव जमिनी आणि अन्न गोळा करायच्या जागा तुमच्याकडेच राहतील असं तोंड भरून सांगितलं आणि पाळलं नाही. मातियाहा तिरामोरेहू यांनी १८४९ मध्येच तक्रारीचं पत्र लिहिलं. १८७९ साली चौकशी आयोग बसला, तेव्हा तायारोआ यांनी वयोवृद्धांकडून एकेक जागा लिहून काढली. ठिकाणाचं नाव आणि तिथे काय मिळायचं ते: वाम मासा, वेका पक्षी, नेच्याची मुळं. सरकारनं मध्येच आयोगाचे पैसे बंद केले. पण याद्या राहिल्या. शंभर वर्षांनी वाइतांगी न्यायाधिकरणापुढे पुरावा म्हणून त्या उपयोगी पडल्या, १९९८ साली भरपाईचा कायदा आणि सरकारची माफी आली. २०१७ मध्ये न्गाई ताहूंनी 'का हुरू मानू' नावाचा नकाशा इंटरनेटवर खुला केला, त्यात हजारावर जुनी स्थळनावं आहेत. तायारोआंची नावं तिथे आहेत आणि बीटींनी टिपलेलीही आहेत. मोटेलात रात्री आम्ही तो उघडून बसलो तेव्हा ज्या रस्त्यानं आलो होतो त्या रस्त्याभोवतीची नद्या-टेकड्यांची नावं दिसायला लागली. मग मात्र भावानंही फोन हातातून सोडला नाही.

वाचनकक्षात माझ्या शेजारच्या टेबलावर एक आजोबा बसले होते. ऐंशीच्या आसपासचे. समोर फोमच्या उशीवर पत्रांचा गठ्ठा, आणि ते प्रत्येक पान दोन्ही हातांनी उलटत होते. आत बोलायची सोय नाही. दुपारी बाहेरच्या मार्गिकेत गाठ पडली आणि मी सरळ विचारलं, "कुणाला शोधताय?"

"दोन्ही बाजूंना," ते म्हणाले.

वडिलांकडचे फिलिप लेंगवाले. त्यांचं घराण्याचं जाडजूड पुस्तक आहे, कुळाच्या संमेलनात छापलेलं, अगदी आपल्या कुलवृत्तांतासारखं. आईकडचे ओताकोऊचे न्गाई ताहू. आणि त्यातच मागे कुठेतरी एक देवमाशांचा शिकारी. वेलर बंधूंनी १८३१ साली, म्हणजे त्या दोन जहाजांच्या कितीतरी आधी, ओताकोऊला देवमाशांचा तळ टाकला. तिथल्या गोऱ्यांनी इथल्याच बायका केल्या, त्यांची मुलं आईच्या माणसांत वाढली. आजोबांनी उदाहरण सांगितलं ते सगळ्या देशाला माहीत असलेलं. एडवर्ड वेलरची बायको निकुरू, प्रमुख तायारोआंची (म्हणजे होरी केरेईंच्या वडिलांची) मुलगी. त्यांची मुलगी नानी. नानीचा मुलगा टॉम एलिसन, १८९३ च्या न्यूझीलंड रग्बी संघाचा कप्तान. काळी जर्सी घालायची सूचना त्याचीच. ज्या काळ्या कपड्यांवरून आपण त्यांचा क्रिकेटसंघही ओळखतो, त्याच्या मुळाशी हे आजी-नातू आहेत.

"वडिलांकडच्या पुस्तकात बायका म्हणजे 'अमक्याची पत्नी'," आजोबा म्हणाले. "काही ठिकाणी नाव नाही, नुसतं 'स्थानिक स्त्री'. आईकडे प्रत्येकीचं नाव आहे. तिचे आईवडील आहेत. तिच्यावरूनच तर आम्ही कोण ते ठरतं."

हे ऐकल्यावर मी थोडा वेळ काही बोललेच नाही. न्गाई ताहूंमध्ये नोंद करायची तर १८४८ साली हयात असलेल्या पूर्वजांपैकी कुणाशी तरी नातं दाखवावं लागतं, आणि ते बापाकडून असो की आईकडून, दोन्ही चालतं. माझ्या डोळ्यांसमोर आमचा कुलवृत्तांत आला. मुलगी जन्मली, लग्न झालं, 'सासर चिपळूण', पुढे पान कोरं. तिची मुलं आमच्या पुस्तकात नाहीत. वडिलांच्या कष्टांना कमी लेखायचं नाही, पण ते पुस्तक निम्म्या घराण्याचं आहे आणि हे मला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं.

मी विचारलं, आईकडचे कागद इथेच आहेत का? ते हसले. काही आहेत. पण फाकापापाची, म्हणजे वंशावळीची, मुख्य वही मावसबहिणीच्या घरी आहे. ती कुणी वाटेल तेव्हा उघडत नाही. जेवणाच्या टेबलावर तर नाहीच, कारण त्यातली नावं पूर्वजांची. ग्रंथालयात द्यायची का, स्कॅन करायची का, यावर घरात वर्षानुवर्षं चर्चा चालू आहे आणि एकमत नाही.

तिथल्या एका तरुण अभ्यासकाचं मत होतं की असा उशीर धोक्याचा, घरात आग लागली तर? ओल आली तर? मला पूर्वी हेच म्हणणं पटलं असतं. आता मी त्या मावसबहिणीच्या बाजूची आहे. फिलिप लेंगवाल्यांनी आपली पत्रं स्वतःच्या मर्जीनं पेटीतून काढून दिली. न्गाई ताहूंचं ज्ञान बरेचदा कुणीतरी येऊन नेलं किंवा जमीन वाचवण्यासाठी त्यांना ते आयोगापुढे मांडावं लागलं. पहिल्यांदाच ते निवांतपणे, स्वतः ठरवताहेत. कितीही वर्षं लागोत, त्यांना ती मिळायलाच हवीत. यादीत काही कागदांपुढे 'परवानगी आवश्यक' असं लिहिलेलं होतं. त्या सूचनेचा मला एरवी राग आला असता, तिथे आदर वाटला.

निघताना आजोबांनी बाहेरच्या नळावर पाणी घेऊन हात धुतले, थोडं डोक्यावर शिंपडलं. मी पाहत होते म्हणून म्हणाले, "दिवसभर गेलेल्या माणसांत होतो."

त्यांच्या सांगण्यावरून ओताकोऊलाही गेलो. खाडीकाठचा अरुंद रस्ता, वाऱ्यानं गाडी हलते. १३ जून १८४० ला कारेताई आणि कोराको यांनी तहावर सही केली ती याच गावात. तिथलं चर्च बंद होतं. भाऊ म्हणाला फोटो काढ, मी नाही काढला.

रात्री मोटेलातून आत्याला फोन लावला. तिकडे दुपारची जेवणं आटोपली होती. म्हटलं, आपल्या घराण्यातल्या दिल्याघेतल्या मुलींची नावं सांग, आणि त्यांच्या मुलांची, नातवंडांचीही. तिनं विचारलं, "आत्ता कशाला?" आणि मग विचारल्याचं विसरून सांगायलाच लागली. आजीच्या बहिणीपासून सुरुवात केली. मध्ये दोनदा म्हणाली, "थांब, हिचं माहेरचं नाव वेगळं होतं, ते लिही." भाऊ दुसऱ्या खाटेवर झोपला. मी मोटेलच्या कागदांवर लिहीत होते, ते संपल्यावर नकाशाच्या पाठीवर. सोनूताई, तिची लेक वेणू, वेणूच्या तिन्ही मुली. चिपळूण, हुबळी, इंदूर, एक थेट नैरोबीला. उरलेल्या सांगायला तिनं रविवारी पुन्हा फोन करायला सांगितलाय.