तुम्ही विचारलंत म्हणून: बॉटलच का?

"रिॲक्ट येत नाही का तुम्हाला?" यवतमाळच्या कॉलेजातली पोरं विचारतात. दिवाळीला पुण्याहून आलेला मावसभाऊ म्हणतो, "दादा, निदान जँगो तरी घ्यायचा." दोन्ही येतात; वेबवरचं सॉफ्टवेअर बनवायची तयार साधनंच ती. तरी राळेगावकडच्या जिनिंगसाठी, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांसाठी, मी सॉफ्टवेअर बॉटलमध्येच लिहितो. बॉटल म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं तसलंच, पण अगदी छोटं साधन, ज्याला फ्रेमवर्क म्हणतात. कारण एकदाचं सांगून टाकतो.

मी एका कापूस खरेदी केंद्रावर ऑपरेटर होतो. सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं, दिसायला देखणं. ऑनलाइन नोंद झाल्याशिवाय काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती, निघत नसे. रेंज जेमतेम, आणि पान उघडण्याआधी कित्येक एमबीची जावास्क्रिप्ट उतरायची. मध्येच तुटली की पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी दुपारपासून पडद्यावर चाकच फिरत होतं. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. वहीत लिहून घेतो म्हणालो, तर परवानगी नाही. संध्याकाळी अवकाळी आला. ताडपत्र्या सगळ्यांकडे नव्हत्या. एक म्हातारे काका खिडकीशी आले. ओरडले नाहीत. म्हणाले, "पोरा, तुही मशीन फिरून राह्यली, अन् माहा कापूस भिजून राह्यला."

ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की हमीभावानं कापूस घेत नाहीत. सकाळी मीटर लावला आणि काकांची बैलबंडी परत गेली. तो कापूस पुढं काय भावानं गेला, हे विचारायचा धीर मला आजवर झालेला नाही.

मावसभाऊ म्हणतो, दोष नेटवर्कचा, फ्रेमवर्कचा नाही. तेव्हा मीही हेच म्हणायचो. अर्धं खरंही आहे. पण रेंज कशी आहे हे ठाऊक असताना तसलं जड पान करायचं, हे कुणीतरी ठरवलेलंच असतं ना?

आता काट्याजवळच्या जुन्या कॉम्प्युटरवरच सगळं चालतं: पायथन, एसक्यूलाइट (नोंदी साठवायचा छोटा डेटाबेस) आणि बॉटल. बॉटल म्हणजे एकच फाइल. पायथनसोबत जे येतं त्यापलीकडे तिला काही लागत नाही. पेनड्राइव्हवर न्यायची, ठेवायची, सुरू. नोंदी रेंज आली की वर जातात, काटापट्टी थांबत नाही.

"मग जँगोही त्याच कॉम्प्युटरवर चालला असता!" चालला असता. हे मला खोडता येत नाही. सीएसआरएफपासून (दुसऱ्याच साइटनं वापरणाऱ्याच्या नावानं खोट्या विनंत्या पाठवण्यापासून) संरक्षण, लॉगिन, ॲडमिन, हे सगळं जँगोत आयतं मिळतं. इथं ते मलाच रचावं लागतं, आणि त्याची धास्ती मला आहे. शिवाय बॉटलची ०.१२ आवृत्ती २०१३ ची, ०.१३ यायला २०२४ उजाडलं. मला ही संथ चाल बरी वाटते, कारण चालू काम दर हंगामाला मोडत नाही. मावसभावाला तिचीच भीती वाटते. त्याचंही चुकत नसेल.

पण ती फाइल मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली आहे. ऐन हंगामात अडलं तर रेंज शोधत फिरावं लागत नाही, कुठं अडलं ते काट्यावरच सापडतं. माझा लॉगिनचा भाग तेवढा कुणी जाणत्यानं बारकाईनं तपासून द्यावा, असं फार वाटतं. कोड दाखवायला मी कधीही तयार आहे.