‘व’चे पोट

आजीचे सहस्रचंद्रदर्शन वैशाखात करायचे ठरले, तेव्हा काकांनी वहीच्या मागच्या पानावर हजार पौर्णिमांचा हिशेब करून दाखवला. ऐंशी वर्षे आणि साधारण दहा महिने, असे उत्तर आले. त्याच पानाच्या उरलेल्या अर्ध्या भागात माझ्या धाकट्या चुलतभावाने टी-शर्टांचा हिशेब मांडला. आम्ही नातवंडे, पतवंडे आणि त्यांच्यात मोडणारे जावई-सुना मिळून 22 जण होतो, खर्चाला 4000 रुपये होते, आणि छापायचा मजकूर ठरवायला तर एक मिनिटही लागले नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मीटर वाचायला येणाऱ्या माणसापासून चुकून भलत्याच घराची कडी वाजवणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला आजीने आजवर जे सांगितले आहे, तेच छातीवर यायचे होते: ‘जेवूनच जा’.

छापून देणाऱ्या दुकानांत 50 नगांच्या आतले काम कुणी घेईना, त्यामुळे ते घरीच करायचे ठरले. मंगळ बाजारात घासाघीस करून पिवळे सुती टी-शर्ट 135 रुपयांना एक या भावाने मिळाले आणि 2970 रुपये तिथेच संपले. गडद रंगाचे घ्यावेत असा तरुण मंडळींचा आग्रह होता. पण गडद कापडावर पांढरी शाई एका हातात झाकत नाही, एकदा छापून, वाळवून, पुन्हा त्याच जागी अचूक छापावे लागते, आणि आमच्या अंगात तेवढी शिस्त नाही हे मला ठाऊक होते.

पहिला प्रयत्न आम्ही पुठ्ठ्यावर केला. अक्षरे काढली, ब्लेडने कापली, आणि पुठ्ठा उचलला तेव्हा ‘व’च्या पोटातला तुकडा जमिनीवर पडलेला होता. ‘च’चेही तेच झाले. अक्षर लिहिताना आपण काळ्या रेघेकडे पाहतो. त्या रेघेने वेढलेली जी पांढरी जागा असते, तिला कशाचा आधार आहे हा प्रश्न कागदावर कधी पडतच नाही, कारण तिथे ती पांढरी जागा म्हणजे कागदच असतो. पुठ्ठ्यातून अक्षर कापून काढले की पोट निराधार होते. धान्याच्या पोत्यांवर आणि लाकडी खोक्यांवर जी तुटक अक्षरे दिसतात, ती तशी असण्याचे कारण हेच आहे; पोट पडू नये म्हणून अक्षरात मधेमधे पूल ठेवावे लागतात. मी ‘व’ला असा एक पूल ठेवून पाहिला. तो ‘व’ काही आजीच्या तोंडचा वाटेना.

जपानमधल्या जुन्या कारागिरांनी याच अडचणीवर फार सुंदर उपाय काढला होता. कापड रंगवण्यासाठी कोरलेल्या कागदी साच्यांत सुटे पडणारे नाजूक तुकडे जागच्या जागी राहावेत म्हणून ते रेशमाचे बारीक धागे वापरत असत. धागा इतका बारीक की रंग त्याच्या दोन्ही अंगांनी वाहून खाली एक होई. त्या धाग्यांऐवजी सबंध कापडच ताणून बसवले की तयार होते ती स्क्रीन प्रिंटिंगची स्क्रीन. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी 1907 मध्ये ताणलेल्या रेशमावरून छपाई करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. आता रेशमाच्या जागी पॉलिएस्टरची जाळी आली आहे, पण ‘व’चे पोट अधांतरी धरून ठेवण्याचे काम तेच.

हे ज्ञान मला पुस्तकातून झाले. जाळी लाकडी चौकटीवर कशी ताणायची हे मात्र शेजारच्या गल्लीतल्या काकांनी शिकवले. त्यांनी चाळीस वर्षे लग्नपत्रिका छापल्या, गुजराती आणि मराठी दोन्ही. मी आणलेली फोटोची जुनी चौकट त्यांनी उलटसुलट करून पाहिली, जाळी ओली केली, समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने ओढत चुका ठोकल्या आणि बोटाने टिचकी मारली. डफासारखा आवाज येईपर्यंत त्यांचे समाधान झाले नाही. पत्रिकेसाठी ते सेंटिमीटरला शंभरावर धागे असलेली जाळी वापरत. कापड शाई पिते म्हणून त्याला 43 धाग्यांची, मोठ्या छिद्रांची जाळी पुरते.

मग त्यांनी माझा नमुना पाहिला आणि म्हणाले, “बेटा, गुजराती लिहिलं असतंस तर अर्धी कटकट वाचली असती. आपल्या अक्षरांना ही डोक्यावरची रेघ आहे ना, तीच खरी नडते.” शिरोरेषा जाळीच्या धाग्याशी अगदी थोडी तिरपी पडली, तर तिची कड सरळ न उमटता पायऱ्या-पायऱ्यांची उमटते. बडोद्यात जन्म काढून दोन्ही लिप्या रोज वाचणाऱ्या मला गुजरातीला शिरोरेषा नाही एवढेच माहीत होते. त्यामुळे छापणाऱ्याची एक काळजी कमी होते, हे त्या दिवशी कळले. काकांनी मजकुराचा कागद जाळीवर चांगलाच कोनात फिरवून ठेवायला लावला, म्हणजे पायऱ्या पडल्या तरी बारीक पडतात आणि डोळ्याला खुपत नाहीत.

जाळीवर इमल्शन, म्हणजे उजेडाने घट्ट होणारा लेप, चढवण्याचे काम न्हाणीघरात पिवळ्या दिव्याखाली झाले, आणि त्या वेळात घरातल्या तिघांच्या आंघोळी खोळंबल्या. पूर्वी त्यात बायक्रोमेटचे नारिंगी खडे विरघळवत असत. काकांच्या बरणीत ते अजून होते, पण त्यातला क्रोमियम विषारी असतो आणि तो आमच्या मोरीतून जाऊ देणे मला पटेना, म्हणून मी 300 रुपये मोजून डायझो या दुसऱ्या रसायनाचे इमल्शन आणले. तत्त्व सोपे आहे. उजेड पडतो तिथे इमल्शन घट्ट होते. काळ्या अक्षराने जिथे उजेड अडतो तिथे ते मऊ राहते आणि पाण्याने धुऊन निघते. मजकूर मी बटर पेपरवर छापून आणला होता आणि काळेपणा कमी पडू नये म्हणून दोन प्रती एकावर एक ठेवल्या होत्या. त्यावर काच दाबली आणि चौकट गच्चीवर नेली.

वैशाखातल्या दुपारच्या उन्हात ती मी दहा मिनिटे ठेवली, कारण जास्त ठेवले तर जास्त पक्के होईल असा माझा समज होता. झालेही तसेच, इतके पक्के झाले की अर्धी बादली पाणी ओतून, ब्रश घासूनही एक अक्षर उघडले नाही. एक मीटर जाळीतला उरलेला तुकडा दुसऱ्या चौकटीवर चढवून काकांनी एका कोपऱ्यावर पुठ्ठा धरला आणि तो मिनिटामिनिटाला थोडा थोडा सरकवला. धुतल्यावर चार मिनिटांची पट्टी स्वच्छ निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या उन्हात त्याच हिशेबाने ठेवले आणि नळाखाली धरले. आधी शिरोरेषा दिसू लागली, मग ‘ज’, आणि मग तो ‘व’, ज्याच्या पोटात इमल्शनचा हिरवा ठिपका कशालाही न टेकता जाळीवर ठाम बसून होता. मी ती चौकट उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत राहिले. पाठ फिरवून उभ्या असलेल्या काकांना हे कौतुक काही नवे नव्हते.

प्रत्यक्ष छपाईला म्हणाल तर दोन तास लागले. टी-शर्टाच्या आत पुठ्ठा सरकवायचा, म्हणजे शाई पाठीवर उतरत नाही. चौकटीच्या चारही कोपऱ्यांना खालून चिकटपट्टीने नाणी लावायची, म्हणजे जाळी कापडापासून जराशी वर राहते, दाबापुरती टेकते आणि लगेच सुटते. काकांची उसनी स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, तिरपी धरून एकदा नुसती शाई पसरायची आणि दोनदा दाबून ओढायची. तेरा टी-शर्ट एकसारखे उतरले. चौदाव्याच्या वेळी कुणीतरी माझ्यावर दया येऊन पंखा लावला. पाण्यातली शाई वाऱ्याने बारीक छिद्रांत वाळते. चौदाव्यावर अर्धी शिरोरेषा गायब झाली, आणि ती आणण्यासाठी मी जोर लावला तर शाई खालून पसरून ‘व’चे पोट काळे झाले. पंखा बंद केला, ओल्या फडक्याने जाळी पुसली आणि पुढचे आठ घामाच्या धारांत पूर्ण केले. चौदावा माझ्या वाट्याला येणार हे न बोलता ठरले.

एक दिवस वाळवून वर सुती फडके ठेवून प्रत्येकावर चार मिनिटे गरम इस्त्री फिरवली, नाहीतर पहिल्याच धुण्यात अक्षरे निघाली असती. सगळा खर्च 3820 रुपये झाला.

समारंभाच्या दिवशी पंगतीच्या आधी टी-शर्ट वाटले. आजीने एक हातात घेऊन छातीवरचे वाचले, कापड चिमटीत धरून पाहिले आणि सगळे परत गोळा करायला लावले. श्रीखंडाचे डाग पडतील, तेव्हा जेवूनच घाला, असे तिचे म्हणणे होते.