विसावं सिटिंग

आज टीएमएसचं, म्हणजे डोक्यावर चुंबकीय टिचक्या देऊन नैराश्यावर करतात त्या उपचाराचं, विसावं सिटिंग झालं. ठरलेल्या तिसांपैकी दहा उरली. परत येताना मी गुणगुणत होते, माझ्याही नकळत. ताईनं मान वळवून एकदा बघितलं, बोलली काहीच नाही. घरी आल्यावर मात्र वही काढली आणि विचारलं, "काल किती वाजता झोपलीस?"

ज्याच्या घरात बायपोलर, म्हणजे मन कधी फार वर तर कधी फार खाली नेणारा आजार आहे, त्याला ह्या प्रश्नातली मेख लगेच कळेल. बाकीची माणसं बरं वाटायला लागलं की खूश होतात. आम्ही आधी झोपेचे तास मोजतो.

त्याला कारण आहे. सहा वर्षांपूर्वी, माझा आजार नेमका कोणता हे कुणालाच माहीत नसताना, साधं नैराश्य समजून नुसत्या नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात मी जगातली सगळ्यात ठणठणीत बाई होते. रात्री दोनला कपाटं आवरायची, पहाटे पाचला राजीनामा लिहायचा. तो राजीनामा मी दिलाही. मग कळलं की हा मॅनिया, मन इतकं वर जातं की झोपेचीही गरज वाटत नाही. तेव्हापासून लिथियम, मन स्थिर ठेवणारं औषध. म्हणून ह्या वेळी पाच महिने तळाशी पडून होते तरी गोळ्या वाढवायची भीती वाटत होती. डॉक्टरांनाही आणि मलाही. बायपोलरमध्ये वर जाण्याचीच बदनामी जास्त होते, पण आयुष्यातले दिवस खातो तो खालचा काळ. फोन वाजला की तो वाजायचा थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचं, हे पाच महिन्यांत मी किती वेळा केलं असेल!

टीएमएसचं नाव निघालं तेव्हा आई घाबरली. "म्हणजे शॉकच ना?" नाही. शॉकमध्ये भूल देऊन मुद्दाम झटका, म्हणजे फिट आणतात. इथे भूल नाही, मी टक्क जागी असते आणि झटका येऊ नये म्हणूनच सगळी काळजी घेतात. तत्त्व फॅरेडेचं, 1831 चं: बदलतं चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात वीज निर्माण करतं. इथे तो वाहक म्हणजे माझा मेंदू. शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये हे माणसाच्या डोक्यावर पहिल्यांदा करून दाखवलं. गोळ्यांना दाद न देणाऱ्या साध्या नैराश्यासाठी अमेरिकेत 2008 मध्ये ह्याला परवानगी मिळाली. बायपोलरमधल्या नैराश्यावरचे अभ्यास त्यामानाने कमी आणि लहान आहेत, हे डॉक्टरांनी लपवलं नाही. अभ्यासांत मॅनियाकडे उलटण्याचं प्रमाण कमी दिसलंय, पण "शून्य नाही," असंही त्या म्हणाल्या. लिथियम चालूच राहणार, रक्तातली पातळी तपासणंही. मला त्या शून्य-नाहीमुळेच विश्वास वाटला.

पहिल्या दिवसाचं सांगायलाच हवं. केसांतल्या पिना, कानातलं काढून ठेवलं, कानांत बोळे घातले. टेपनं डोकं मोजलं, टोपी घातली, टोपीवर पेनानं खुणा केल्या. शिंप्याकडे गेल्यासारखं वाटत होतं. मग इंग्रजी आठच्या आकाराची कॉईल डाव्या बाजूला टेकवून टेक्निशियन जागा शोधू लागला. टक्. काही नाही. थोडं सरकवून टक्. आणि माझा उजवा अंगठा टुणकन उडाला. मी हलवला नव्हता! पाच महिने मला स्वतःला उठवणं जमत नव्हतं आणि हा मुलगा बाहेरून माझा अंगठा हलवत होता. हसावं की रडावं कळेना.

अंगठा जेमतेम हलतो ती ताकद माझं माप. उपचार त्याच्या 120 टक्क्यांवर आणि तिथून काही सेंटिमीटर पुढे, कपाळाच्या डाव्या बाजूला. चार सेकंदांत 40 टिचक्या, मग 26 सेकंद शांतता. असं 75 वेळा, म्हणजे 3000 टिचक्या आणि साडेसदतीस मिनिटं. आता तीन मिनिटांत उरकणारा प्रकारही निघालाय, पण माझ्यासाठी हा जुना ठरला. आठवड्यातून पाच दिवस. पहिल्या आठवड्यात डोकं दुखायचं, डावी भुवई उडायची. आता सवय झाली.

खुर्चीत बसण्याआधी टेक्निशियन रोज तेच विचारतो. "मॅडम, रात्री झोप झाली का? औषधात काही बदल?" मला आधी वाटलं, रीत म्हणून विचारत असेल. तर जागरणानं झटक्याचा धोका वाढतो, म्हणून. धोका अगदी क्वचितचा, पण विचारणं रोजचं. म्हणजे एकाच झोपेचा हिशोब दोन माणसं ठेवतात: टेक्निशियन मला झटका येऊ नये म्हणून, ताई मी वर उडू नये म्हणून. मधे मी.

दोन आठवडे काहीही फरक नव्हता. उगाच वेळ घालवतेय, हे मनात पक्कं झालं होतं. बाराव्या सिटिंगला समोरच्या भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं मागे असल्याचं दिसलं आणि मला राग आला. कुणी नीट का लावत नाही? घरी येईपर्यंत लक्षात आलं की कित्येक महिन्यांत मला कशाचाही राग आला नव्हता. पंधराव्याला फोन उचलला. सतराव्याला स्वतःहून केला.

आणि आज गुणगुणणं. हे बरं होणं आहे की मॅनियाची सुरुवात आहे? आतून दोन्ही सारखीच लागतात, हीच तर पंचाईत. सहा वर्षांपूर्वीही मी असंच काहीतरी गुणगुणत असणार. त्या वेळी बघायला ताई नव्हती, वहीही नव्हती.

वहीतले ह्या आठवड्याचे झोपेचे तास: साडेसात, साडेसात, सात, पावणेसात. काल सव्वासहा. ताईनं शेवटच्याखाली रेघ मारली आणि विचारलं, "थकवा?"

"नाही," मी म्हणाले. आणि मग दोघी गप्प झालो, कारण खरं तर थकवा असता तर बरं वाटलं असतं.

आज दहाला दिवे बंद. उद्या खुर्चीत बसायच्या आधी डॉक्टरांना सव्वासहा सांगायचंय, आणि गुणगुणण्याचंही. गुणगुणण्याचं मी सांगणार नव्हते. ताईनं वहीत लिहून ठेवलंय.