पाण्यातून गेलेली रेल्वेची वाट

गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस बाबा आमच्याकडे बॉस्टनजवळ राहायला आले होते. तेव्हा आम्ही दोघांनी व्हर्मांट राज्यातील बर्लिंग्टन येथे दोन दिवस काढले, ते केवळ तेथील ‘आयलंड लाइन’ ही वाट चालण्यासाठी. शँप्लेन सरोवराच्या पूर्व काठाने निघून पुढे थेट सरोवराच्या पाण्यात शिरणाऱ्या एका जुन्या रेल्वेमार्गाचा सुमारे २२ किलोमीटरांचा भाग तेथे पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी राखून ठेवला आहे. बाबांना आता सायकल झेपत नाही, पण चालण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या घरात अजून कोणी नाही. म्हणून मी भाड्याची सायकल घेतली आणि ते पायी निघाले. मी पुढे जायचे, परत फिरून त्यांना गाठायचे आणि पुन्हा पुढे जायचे, असा आमचा क्रम ठरला.

पहिला दिवस बर्लिंग्टनच्या काठावर गेला. ओकलेज पार्कपासून विनूस्की नदीपर्यंत साधारण १३ किलोमीटरांची ही डांबरी वाट असून डाव्या हाताला सतत पाणी आणि पाण्यापलीकडे न्यूयॉर्क राज्यातील अ‍ॅडिरॉन्डॅक पर्वताच्या निळ्या रांगा दिसत राहतात. आज जेथे हिरवळ आणि बाके आहेत, तेथे एकोणिसाव्या शतकात लाकडाच्या वखारी होत्या आणि नंतर तेलाच्या टाक्या आल्या. सरोवरात भर घालून रेल्वे कंपन्यांनी मिळवलेली ही जमीन कोणाची, असा वाद न्यायालयात गेला. तेव्हा, ही जमीन मुळात सरोवराचा तळ असल्यामुळे तिच्यावरील लोकांचा हक्क कायम राहतो, असा निर्णय व्हर्मांटच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये दिला. पाणी हटवून जमीन केली, तरी पाण्यावरचा लोकांचा अधिकार त्या जमिनीत उरतो, हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

याच वाटेवरून आणखी एक खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. अमेरिकेत रेल्वे कंपन्यांकडे पुष्कळ ठिकाणी जमिनीची मालकी नसून केवळ वहिवाटीचा हक्क असे, आणि गाडी कायमची बंद झाली की तो हक्क संपून जमीन मूळ मालकाकडे परत जात असे. त्यामुळे एखादा मार्ग बंद पडला की त्याचे तुकडे होत आणि काही वर्षांत तो कोठून गेला होता हेही ओळखू येत नसे. १९८३ मध्ये तेथील संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. मार्गाची जमीन पुढेमागे पुन्हा रेल्वेसाठी लागेल म्हणून राखून ठेवली आणि तोपर्यंत तिचा वाटेसाठी वापर केला, तर मार्ग सोडून दिला असे मानले जाणार नाही, अशी ती तरतूद. याला तेथे ‘रेल बँकिंग’ म्हणतात, म्हणजे जणू मार्गच ठेव म्हणून ठेवायचा. ज्यांच्या घराशेजारून ही वाट जाणार होती, अशा बर्लिंग्टनमधील एका कुटुंबाने या कायद्याला आव्हान दिले. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. मात्र १९९६ मध्ये दुसऱ्या न्यायालयाने त्या कुटुंबाला सरकारने भरपाई दिली पाहिजे, असेही सांगितले. मला दोन्ही निर्णय योग्य वाटतात. वाट अखंड राहिली पाहिजे, आणि ज्याच्या अंगणातून ती जाते त्याच्यावर अन्यायही होता कामा नये.

हे सारे मी बाबांना एका बाकावर बसून सांगितले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांचे तरुणपण अचलपूर आणि मूर्तिजापूर यांच्यामध्ये धावणाऱ्या ‘शकुंतले’त गेले. ती अरुंद रुळांची गाडी आता बंद आहे आणि तेथे मोठ्या रुळांची गाडी सुरू व्हावी म्हणून वऱ्हाडातील लोक वर्षानुवर्षे मागणी करीत आहेत. “गाडी उद्या येईल का परवा, ते सांगता येत नाही,” बाबा म्हणाले, “पण रुळाखालची जागा तुटली, तर मग कोण जोडणार?” माझ्या मनातही नेमके तेच होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही कोलचेस्टर येथून सरोवरातील भरावावर गेलो. रटलंड रेलरोड या कंपनीला उत्तरेकडे जाण्यासाठी प्रतिस्पर्धी कंपनीच्या रुळांवर अवलंबून राहायचे नव्हते, म्हणून तिने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बेटांवरून स्वतःचा मार्ग टाकला. १९०१ मध्ये त्यावरून गाड्या धावू लागल्या. मुख्य भूमी आणि साउथ हीरो बेट यांच्यामधील सुमारे ५ किलोमीटरांचे पाणी संगमरवराचे प्रचंड दगड टाकून ओलांडले आहे. येथे डांबर संपून बारीक खडी लागते. रेल्वेच्या इंजिनाला तीव्र चढ चालत नाही, त्यामुळे वाट इतकी सपाट आणि वळणे इतकी सावकाश की चालणाऱ्याला आपण किती अंतर आलो ते पायांवरून कळतच नाही. त्या दिवशी पश्चिमेचा वारा होता. डावीकडे १९० किलोमीटर लांबीच्या त्या सरोवराच्या लाटा दगडांवर आदळत होत्या आणि चार पावलांवर उजवीकडे मॅलेट्स बेचे पाणी जवळजवळ स्तब्ध होते. एकच पाणी दोन स्वभावांचे कसे झाले, हे तेथे उभे राहिल्यावर लगेच समजते: मधला भराव लाटा अडवतो.

त्याची किंमत भरावाला मोजावी लागते. २०११ च्या वसंतात सरोवराने नोंदीतील सर्वांत उंच पातळी गाठली, तेव्हा लाटांनी या वाटेचे मोठे नुकसान केले आणि पुष्कळ खर्च करून ती पुन्हा बांधावी लागली. बाबांनी वाकून एका दगडाचा ओला भाग हाताने पुसला. आतून तो पांढरा निघाला, तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला. देवळाच्या पायरीला लावावा असा दगड येथे लाटा झेलण्यासाठी टाकलेला आहे, असे ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

बेटाच्या थोडे अलीकडे भराव एकाएकी तुटतो. होड्यांना जाता यावे म्हणून येथे फिरता पूल होता. १९६१ च्या संपात गाड्या थांबल्या त्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत, आणि आज तो पूलही नाही. उरली आहे ती सुमारे ६० मीटरांची फट. एवढ्याशा फटीमुळे साऱ्या वाटेचा अर्थ गेला असता, पण ‘लोकल मोशन’ ही बर्लिंग्टनची संस्था उन्हाळ्यापासून शरद ऋतूच्या सुरुवातीपर्यंत तेथे सायकलींसाठी छोटी नाव चालवते. आम्ही सायकल नावेत चढवली. अलीकडच्या टोकावरून पलीकडच्या टोकावर पोहोचायला काही मिनिटेच लागली, आणि तेवढ्या वेळात बाबांनी दोन्ही काठांची टोके डोळ्यांनी जुळवून पाहिली.

पलीकडे उतरल्यावर ते म्हणाले, “येथून पुढे गाडी कोठे जायची?”

“बेटांवरून राउझेस पॉइंटला. तेथून कॅनडाची हद्द अगदी जवळ आहे.”

परतीची नाव सुटायला अवकाश होता. बाबांनी टोपी सारखी केली आणि मला सायकल हातात धरायला सांगितली. “मग थोडे पुढे जाऊन पाहू या,” असे म्हणून ते चालू लागले.