सोसायटीचे एसएमएस ईमेलवरून, ठरल्या वेळी: माझा अनुभव

'ईमेलवरून एसएमएस' असं शोधलं की आधी अमेरिकेतली युक्ती समोर येते. मोबाइल नंबरापुढे फोन कंपनीचं डोमेन जोडा, मेल सोडा, तो मेसेज होऊन पोचतो. मुंबईत त्याचा उपयोग नाही. तिकडेही तो प्रकार आटोपत चालला आहे. एटी अँड टी या तिथल्या मोठ्या फोन कंपनीने आपली ही सेवा 17 जून 2025 रोजी बंद केली. आपल्याकडे ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, 2018 चे नियम लागू आहेत. संस्थेच्या नावाने जाणारा प्रत्येक एसएमएस डीएलटी नावाच्या नोंदवहीशी ताडून पाहिला जातो, आणि नोंद नसेल तर ऑपरेटरच्या दारातच अडतो. म्हणून आमच्या सोसायटीच्या नोटिसांसाठी ही सोय लावताना मेलचं काम सगळ्यात शेवटी आलं.

'व्हॉट्सॲप ग्रुप आहे की' हा पहिला आक्षेप असतो. ग्रुप निम्म्या लोकांनी म्यूट केलेला असतो, आणि बटणवाला फोन वापरणारे आजी-आजोबा त्यात नसतात. दुसरा सल्ला मिळतो, मॅनेजरच्या फोनमध्ये एखादं ॲप टाकून त्याच्याच सिमवरून मेसेज सोडण्याचा. तो मुळीच ऐकू नये. साध्या पॅकमध्ये दिवसाला 100 मेसेज मिळतात, आणि संस्थेच्या नोटिसा खासगी नंबरवरून ढिगाने गेल्या तर लोकांनी 1909 वर तक्रारी केल्या की तो नंबर विनानोंदणी टेलिमार्केटर म्हणून बंद होऊ शकतो.

नोंदणी कुठल्याही एका ऑपरेटरच्या डीएलटी पोर्टलवर केली तरी सगळीकडे चालते. सोसायटीचं पॅन, उपनिबंधकांकडचं नोंदणी प्रमाणपत्र, सही करणाऱ्याचं ओळखपत्र आणि लेटरहेडवरचं अधिकारपत्र एवढं लागतं. अधिकारपत्रावर सेक्रेटरीचं नाव त्यांच्या पॅनकार्डावर आहे तसंच हवं. एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर असलं की अर्ज परत येतो. मंजुरीनंतर 19 अंकी संस्था क्रमांक मिळतो. मग सहा अक्षरांचं हेडर, म्हणजे मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव, मागायचं. ते सोसायटीच्या नावाशी जुळणारं असावं, नाहीतर खुलासा मागतात. सभासदांच्या फोनवर या सहा अक्षरांआधी दोन अक्षरं दिसतात, पहिलं ऑपरेटरचं आणि दुसरं सर्कलचं, म्हणजे मोबाइल सेवेच्या क्षेत्राचं. ती प्रत्येक वेळी सारखी येतीलच असं नाही. म्हणून 'मधली सहा अक्षरं बघा' एवढंच सगळ्यांना सांगून ठेवावं. शेवटी हल्ली एक अक्षर असतं. सेवा मेसेजला एस आणि जाहिरातीला पी, त्यामुळे आपले मेसेज एस खाली जायला हवेत.

आता टेम्पलेट, म्हणजे पोर्टलवर आधीच मंजूर करून घ्यायचा मेसेजचा साचा. सगळी मेहनत इथे घालावी.

इंग्रजी मेसेज 160 अक्षरांचा असतो, मराठी 70 चा. त्याहून मोठा झाला की तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात 67 अक्षरं मावतात. म्हणजे दोन तुकड्यांत 134. एकाहत्तरावं अक्षर आलं की दुप्पट पैसे. शिवाय ही अक्षरं आपण वाचताना मोजतो तशी मोजली जात नाहीत. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांतलं प्रत्येक चिन्ह वेगळं धरलं जातं. 'उद्या पाणी सकाळी 5:30 ते 7:00 येईल.' या सात शब्दांच्या वाक्याची 35 अक्षरं होतात. 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित' याची 33. दोन्ही मिळून 68 झाली, आणि सोसायटीचं खरं नाव अजून यायचंच आहे! टेम्पलेटमध्ये पाठवणाऱ्याचं नाव असावंच लागतं. म्हणून नोंदणी करतानाच एक छोटं नाव ब्रँड म्हणून देऊन ठेवावं आणि तेच मेसेजच्या शेवटी वापरावं. पोर्टलवर मेसेजचा प्रकार युनिकोड (मराठी अक्षरांसाठीचा) निवडायचा, हेही विसरू नये.

बदलणाऱ्या जागी, म्हणजे तारीख किंवा वेळ, व्हेरिएबल टाकतात. एका व्हेरिएबलमध्ये किती अक्षरं बसतात याला मर्यादा असते. व्हेरिएबल जितके कमी, तितकी मंजुरी सोपी. 'प्रिय सभासद' आणि पुढे सगळंच व्हेरिएबल, असा सर्वसमावेशक टेम्पलेट पास होत नाही, आणि होऊही नये. पाणीकपात, टाकी साफसफाई, लिफ्ट बंद, मेंटेनन्सचं बिल, सर्वसाधारण सभा असे वेगवेगळे टेम्पलेट केले की वर्षभराचं काम भागतं. बिल भरायची लिंक टाकायची असेल तर ती आधी व्हाइटलिस्ट करून घ्यावी लागते. 1 ऑक्टोबर 2024 पासून नोंद नसलेली लिंक असलेला मेसेज सरळ अडवला जातो.

आणखी एक पायरी लोकांच्या हमखास राहून जाते. ज्या एसएमएस कंपनीचा गेटवे, म्हणजे आपले मेसेज ऑपरेटरकडे पोचवणारी सोय, घ्याल, तिच्याशी आपली साखळी (मेसेज कोणाकोणामार्फत जाणार ती नोंद) डीएलटीवर जोडून मंजूर करावी लागते. डिसेंबर 2024 पासून साखळी जुळली नाही तर हेडर आणि टेम्पलेट दोन्ही बरोबर असूनही मेसेज जात नाही. 'सगळं मंजूर आहे, तरी जात नाही' अशी तक्रार आली की आधी हेच तपासावं.

एवढं झालं की मेल. गेटवे कंपनी एक पत्ता देते. काही ठिकाणी तो मोबाइल नंबर आणि त्यांचं डोमेन असा असतो, काही ठिकाणी ग्रुपच्या नावाचा. सोसायटीला ग्रुपच बरा. नंबर गेटवेवर राहतात, मेल एकच जातो, आणि सभासदांची यादी मेलच्या सीसीत उघडी पडत नाही. कंपनीला आधीच विचारून घ्यायचं: टेम्पलेट क्रमांक विषयाच्या ओळीत द्यायचा की गेटवे स्वतः ओळखतो? मजकूर कुठल्या खुणेपाशी तोडतो? मेलमध्ये पाठवण्याची वेळ लिहिता येते का? पाठवणारा ओळखण्यासाठी नुसता पत्ता बघतात की पासकोडही मागतात? नुसता पत्ता बघत असतील तर घेऊ नये. पाठवणाऱ्याच्या जागी दुसऱ्याचा पत्ता घालून मेल पाठवणं अजिबात अवघड नाही, आणि 'उद्या पाणी नाही' असा खोटा मेसेज गेला तर सकाळी सेक्रेटरीच्या दारावर रांग लागेल.

मेलमधल्या चुका डोळ्यांना दिसत नाहीत. सही आपोआप जोडली जाते, मजकूर टेम्पलेटपेक्षा लांब होतो आणि मेसेज अडतो. फॉरमॅटिंग असलेल्या मेलमध्ये न दिसणाऱ्या जागा शिरतात, म्हणून साधा मजकूर मोड लावावा. पण जीमेल साध्या मजकुरात लांब ओळी मध्येच तोडतं. गेटवेवर 'नवी ओळ म्हणजे एक स्पेस' अशी सेटिंग असेल तर ती चालू ठेवा. फोनचा कीबोर्ड सरळ अवतरणचिन्हाचं वाकडं करतो, दोन हायफनचा लांब डॅश करतो. टेम्पलेटशी तुलना अक्षरन् अक्षर होते, तिथे 'जवळपास तेच' चालत नाही.

मराठीत याची वेगळीच मेख आहे. 'दुसऱ्या' मधला ऱ्या एका कीबोर्डवर नुक्त्याच्या ऱ ने बनतो, दुसऱ्यावर साध्या र मध्ये अदृश्य जोडणी घालून. 'ॲप' मधला ॲ एकच अक्षर असू शकतो, किंवा अ वर चंद्र. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र वेगळे. 5:30 आणि ५:३० तर उघडच वेगळे. म्हणून मजकूर कधीच नव्याने टाइप करायचा नाही. पोर्टलवरचा मंजूर मजकूर कॉपी करून एका फाइलीत ठेवायचा आणि तिथूनच उचलायचा. शक्य असेल तर टेम्पलेटमध्ये 'ऱ्या' आणि 'ॲ' टाळावेत. 'दुसऱ्या दिवशी' ऐवजी सरळ तारीख.

आता वेळ. घड्याळ कोणाकडे ठेवायचं, हे आधी ठरवायला हवं. जीमेलमध्ये मेल शेड्यूल करता येतो, एका वेळी 100 पर्यंत. तो रद्द केला की ड्राफ्टमध्ये परत येतो, हे सोयीचं. पण मेल वेळेवर निघाला म्हणजे वेळेवर पोचला असं नसतं; समोरचा सर्व्हर त्याला काही मिनिटं थांबवून ठेवू शकतो. गूगल शीटवरून ॲप्स स्क्रिप्टने (गूगलच्या छोट्या प्रोग्रामने) पाठवत असाल तर तो सुरू करणारा रोजचा ट्रिगर नेमक्या मिनिटाला लागत नाही, पाच ते सहा असा तासाचा टप्पा मिळतो. स्क्रिप्टचा टाइमझोन कोलकाता आहे ना, हेही बघावं. स्वतःच्या सर्व्हरवर क्रॉन (ठरल्या वेळी काम सुरू करणारा प्रोग्राम) असेल आणि सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या वेळेवर असेल, तर पहाटे 5 चा मेसेज सकाळी 10:30 ला जातो. तोवर नळही गेलेला असतो.

पाण्यासारख्या वेळेला बांधलेल्या मेसेजसाठी घड्याळ गेटवेकडे असलेलं बरं. मेल आदल्या संध्याकाळी पाठवायचा, त्यात पाठवण्याची वेळ लिहायची आणि गेटवेची 'शेड्यूल झाला' अशी पोच येते का ते पाहायचं. पोच आली नाही तर दुरुस्तीला रात्र हातात असते. बिल आणि सभेचे मेसेज जीमेलच्या शेड्यूलवर सोडले तरी बिघडत नाही. सर्वसाधारण सभेच्या एसएमएसला मात्र आठवणीपुरतंच धरावं. रीतसर नोटीस उपविधींप्रमाणे काढायचीच.

वैधता, म्हणजे मेसेज किती वेळापर्यंत पोचवायचा, हा पर्याय बहुतेक जण बघतही नाहीत. फोन बंद असेल तर ऑपरेटर मेसेज धरून ठेवतो आणि फोन सुरू झाल्यावर देतो. '5:30 ला पाणी सुटेल' हा मेसेज दुपारी वाजला तर घोटाळाच. अशा मेसेजची वैधता तासाभराची ठेवावी, बिलाची दिवसभराची.

पावसाळ्यात याचा खरा फायदा दिसतो. महापालिका मोठ्या भरतीच्या तारखा आणि वेळा पावसाळ्याआधीच जाहीर करते. साडेचार मीटरवरच्या भरतीला जोराचा पाऊस असेल तर सखल भागातलं पाणी समुद्रात जात नाही, तुंबतं. हिंदमाता किंवा किंग्ज सर्कलच्या आसपास, स्टिल्टखाली गाड्या असलेल्या सोसायट्यांनी त्या तारखांचे मेसेज जूनच्या सुरुवातीलाच रांगेत लावून टाकावेत, भरतीच्या तीन तास आधीच्या वेळेला. मात्र त्यात 'पाणी भरेल' असं लिहू नये, 'भरती 4.7 मीटर, पाऊस असल्यास गाड्या हलवाव्यात' एवढंच लिहावं. पाऊस नसेल तर तो मेसेज रद्द करायचं काम एका माणसाकडे नेमून द्यावं, आणि त्याला गेटवेचा लॉगिन द्यावा. मेलवरून शेड्यूल झालेला मेसेज मेलवरूनच रद्द होईल असं सगळ्या गेटवेंवर नसतं.

पाठवल्यावर डिलिव्हरी रिपोर्ट उतरवून घ्यावा. टेम्पलेट जुळला नाही तर सगळेच नंबर एकदम नापास दिसतात. तेच चारदोन नंबर पुन्हा पुन्हा नापास होत असतील तर ते नंबर बदललेले असतात. फ्लॅट विकला गेला की नवीन मालकाचा नंबर हस्तांतरणाच्या अर्जासोबतच मागून घ्यावा.